उजेडाला दोष नाही

सूर्यापुढे सगळी माणसं समान आहेत, असं सदाशिवराव देशमुख लाउडस्पीकरवरून म्हणाले. ते खाली उतरून चपला शोधत होते तेवढ्यात धर्मपालला निरोप आला, की सूर्य आणि गूळ यांच्या मधून जरा बाजूला हो.

निरोप सदाशिवरावांच्या आईचा, वच्छलाबाईंचा होता. ओसरीवरून निघून तो तीन माणसांच्या तोंडून आला आणि येता येता बराच सभ्य झाला. शेवटचा गडी एवढंच म्हणाला, "मायजी म्हनते, फोटो तिकडून काढसान त बरं होईन."

धर्मपाल तेव्हा काळ्या कापडात डोकं घालून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र जुळवत होता. त्या काचेवर जग उलटं दिसतं. बोरगव्हाणचं अख्खं देशमुख घराणं, पंचायत समितीचे सभापती आणि भटजी त्याच्यासमोर खाली डोकं वर पाय करून टांगलेले होते. त्यानं डोकं बाहेर काढलं.

"तिकडून आबाजीची पाठ येते," तो म्हणाला.

आबाजी म्हणजे विठ्ठलराव, सदाशिवरावांचे वडील. ऐंशी ओलांडून एक हजार पौर्णिमा पाहिल्याबद्दल आज त्यांची गुळाने तुला होती. सदाशिवरावांनी जिनिंगमधून कापूस तोलायचा मोठा काटा आणून अंगणात सागाच्या तीन वाशांना टांगला होता. एका फळीवर म्हातारा, दुसऱ्या फळीवर गुळाच्या ढेपी. भटजींनी म्हाताऱ्याला पूर्वेकडे तोंड करून बसवलं होतं, कारण शुभकार्याला पूर्व लागते. जानेवारी महिना, त्रेसष्ट साल. सभापतींना दुपारच्या आत आर्णीला दुसऱ्या एका समारंभात हेच भाषण करायचं होतं, म्हणून सगळं भल्या सकाळी उरकायचं ठरलं होतं. ऊन अजून कवठाच्या झाडाइतकंच वर आलं होतं.

माणसाचं तोंड पूर्वेला असेल तर फोटोग्राफरची पाठ पूर्वेला येणार. पाठीवर सकाळचं ऊन असेल तर सावली पुढे पडणार, आणि जानेवारीच्या सकाळची सावली माणसाच्या तिप्पट लांब असते. धर्मपालची सावली, तिच्या शेजारी कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या तिकाटण्याची सावली, अंगणभर लांबत जाऊन गुळाच्या ढेपींवर नीट विसावली होती. सावलीचा विटाळ पेशवाईबरोबर बुडाला असं क्रमिक पुस्तकात छापलेलं आहे. बोरगव्हाणात पुस्तकं जरा उशिरा येतात.

धर्मपाल दारव्ह्याचा. छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला तेव्हा त्याचं नाव उकंडा होतं. आला तो धर्मपाल होऊन आला. त्याआधी सहा-सात वर्षं तो यवतमाळच्या एका फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीत काचेच्या प्लेटी धुवायचा, आणि धुता धुता सगळं शिकला. आता दारव्ह्याच्या बाजाराच्या मागे त्याची स्वतःची एक खोली होती. तिच्यावर 'धर्मपाल फोटो स्टुडिओ' अशी पाटी होती, आत एक रंगवलेला पडदा होता आणि पडद्यावर दारव्ह्यात कोणीही न पाहिलेला समुद्र होता.

त्याला बोलावणं आलं होतं ते सदाशिवरावांकडून. नागपूरला वकिली शिकलेल्या सदाशिवरावांना पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. यवतमाळहून मोठा फोटोग्राफर आणायची त्यांची ऐपत होती; पण धर्मपालला बोलावलं तर ते भाषणात सांगता येत होतं. तसं त्यांनी सांगितलंही. लाउडस्पीकरवरून तो "आमचे मित्र श्रीयुत धर्मपालजी" होता. चपला सापडून सदाशिवराव जवळ आले तेव्हा तो "अरे धर्मपाल" झाला.

"अरे धर्मपाल, आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय अमरावतीला. समोरचं ऊन त्यांना सोसत नाही. तू असं कर, पश्चिमेकडून घे."

गेला तासभर, म्हणजे अख्खी पूजा आणि दोन भाषणं, आबा त्याच उन्हाकडे तोंड करून बसले होते. त्या वेळात त्यांचे डोळे कोणाला आठवले नव्हते.

धर्मपाल म्हणाला की मग थोडं थांबू. ऊन वर चढलं की डोळ्यांवरही येणार नाही आणि सावलीही आखूड होईल.

तो धंद्यातल्या माणसासारखा बोलला. सावली हा त्याच्यासाठी रोजच्या वापरातला शब्द होता, सुताराला रंधा असतो तसा. पण तो शब्द ऐकताच सभापतींनी घड्याळात पाहिलं. भटजींनी पंचपात्रीत पाहिलं.

"सावलीचा इथं काही संबंध नाही," सदाशिवराव म्हणाले.

"काहून नाही?" ओसरीवरून वच्छलाबाई बोलल्या. "त्या उकंड्याची सावली गुळावर पडून राह्यली, दिसत नाही तुले? देवाच्या नावानं तोलला गूळ. सगळ्या गावात वाटाचा हाये."

त्या दिवशी अंगणात खरं बोलणारं ते एकच माणूस होतं, आणि त्यामुळे सगळ्यांना तिची लाज वाटली. "आई जुन्या वळणाची आहे," सदाशिवराव सभापतींना म्हणाले. सभापतींनी मान हलवली. त्यांच्या घरीही एक आई होती.

आई जुन्या वळणाची आहे, एवढं म्हणून विषय संपला. तिला कोणी आत जायला सांगितलं नाही, आणि धर्मपालला होता तिथंच उभा राहा असंही कोणी म्हटलं नाही. फक्त कॅमेरा उचलायला दोन गडी पुढे आले आणि हात लावायच्या आधी थांबले. धर्मपालनं तो स्वतःच उचलला.

आता अडचण भटजींची झाली. फोटोग्राफर पश्चिमेला गेला म्हणजे आबांनाही पश्चिमेकडे फिरवायला हवं, आणि शुभकार्यात तोंड फिरवणं बरं नव्हे. भटजींनी थोडा विचार केला. मग ते म्हणाले की तुला पूर्वेकडे तोंड करून झालेली आहे, ती देवाकडे रुजू झाली. आता जे होणार तो फक्त फोटो. फोटोला दिशा नाही.

चौघांनी मिळून म्हाताऱ्याला उचललं, फिरवलं आणि परत फळीवर ठेवलं. बाकीची मंडळी पुन्हा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. एवढ्यात कोणी तरी ढेपीचा कोपरा मोडून खाल्ला होता, त्यामुळे म्हाताऱ्याची फळी जमिनीला टेकली. काटा समतोल दिसला पाहिजे, असं सदाशिवरावांचं म्हणणं पडलं. मग आतून अर्धी ढेप आणून टाकली. फळी पुन्हा हलत, करकरत तरंगायला लागली.

विठ्ठलरावांची लांब सावली आता समोर पडली होती. ती सरळ धर्मपालच्या पायांवर येऊन थांबली. तिच्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

धर्मपाल कापडात शिरला आणि लगेच बाहेर आला. कॅमेऱ्याच्या डोळ्यात ऊन घुसत होतं. त्यानं पुठ्ठ्याचा एक तुकडा भिंगावर छपरासारखा बांधला आणि सदाशिवरावांना जवळ बोलावून समजावलं. ऊन आबाजींच्या पाठीमागून आहे. भिंगाचं झाकण काढून लगेच लावलं तर मागचं सगळं नीट येईल, पण आबाजींचं तोंड तव्यासारखं येईल. झाकण जास्त वेळ काढून ठेवलं तर तोंड उजळेल, पण मागचं सगळं पांढरं होईल. सभापती साहेब, पताका, पाटी, कोणीच राहणार नाही. आणि तेवढा वेळ फळी हलली तर तोंडही पुसून जाईल.

"म्हणजे एकतर आबा, नाही तर सभापती?" सदाशिवराव म्हणाले.

"हो. नाही तर मी पयले होतो तिथं."

सदाशिवरावांनी ते शेवटचं वाक्य ऐकलं नाही. सार्वजनिक जीवनात पडलेल्या माणसाला ही कला लवकर येते.

इथं एक सांगायला हवं. सकाळी धर्मपाल आला तेव्हा विठ्ठलराव अंगणात एकटेच बाजेवर बसून दात घासत होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं होतं. ते म्हणाले होते, "माह्या बापाचा फोटो नाही, बापा. आता डोळे मिटले का त्याचं पागोटं दिसते, तोंड दिसत नाही. माहं तोंड बराबर आलं पायजे." धर्मपालला त्यांनी बस म्हटलं नव्हतं. पण जे मागितलं ते मनापासून मागितलं होतं, आणि धर्मपालच्या डोक्यात तेव्हापासून तेच होतं. म्हणून त्यानं तिसरा उपाय काढला.

"जया," त्यानं हाक मारली.

जया त्याची बायको. बायकांचे फोटो असले की ती बरोबर यायची. पदर सारखा करायचा, कपाळावरची बट मागे घ्यायची, ही कामं पुरुषानं करून चालत नाहीत. इथं तिला ते काम पडलं नव्हतं. देशमुखांच्या सुनांनी आपापले पदर आपणच सारखे केले होते. ती सकाळपासून गोठ्याच्या भिंतीपाशी उभी होती. घर सापडायला त्रास झाला नव्हता, कारण तिचा भाऊ नागोराव दारव्ह्याच्या अडतीत हमाल होता आणि आदल्याच दिवशी तो माल घेऊन या गावात येऊन गेला होता. त्यानं खुणा नीट सांगितल्या होत्या.

जयाच्या पिशवीत एक पांढरं पातळ असायचं. छप्पनला ती नागपूरला नेसून गेली होती ते. त्यानंतर तिनं ते नेसलं नव्हतं. पण एकदा एका लग्नात उन्हानं नवरीचं तोंड काळं यायला लागलं तेव्हा धर्मपालला दुसरं पांढरं कापड सापडलं नाही, आणि तेव्हापासून ते पातळ त्यांच्या धंद्यात आलं. उन्हासमोर ताणून धरलं की त्याच्यावरचा उजेड परत फिरतो आणि समोरच्याच्या तोंडावर पडतो. सावल्या विरघळतात. डोळे दिसतात.

जयानं पातळाचं एक टोक गोठ्याच्या खांबाला बांधलं, दुसरं टोक दोन्ही हातांनी उंच धरलं आणि ती थोडी तिरकी झाली. विठ्ठलरावांच्या तोंडावर उजेड आला. सुरकुत्या दिसायला लागल्या, मिशीतले पिवळे केस दिसायला लागले. म्हातारा डोळे मिचकावून हसला. अंगणातली पोरं "आबा चमकले" म्हणाली. धर्मपालला एवढा आनंद झाला की तो क्षणभर बाकी सगळं विसरला.

ओसरीवरून वच्छलाबाईंनी विचारलं, की हे चालते का.

प्रश्न भटजींना होता. भटजी पुढे आले. त्यांनी पातळ पाहिलं, जया पाहिली, मग तिची सावली कुठं पडते ते पाहिलं. ती मागे, गोठ्याकडे पडत होती. पुढे पडत होता तो फक्त उजेड, आणि तो विठ्ठलरावांच्या तोंडावरून गुळावरही थोडा सांडत होता.

"सावलीला दोष सांगितला आहे," भटजी म्हणाले. "उजेडाला दोष नाही."

सदाशिवरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सभापती म्हणाले, वा. कोणी तरी म्हणालं, शास्त्रात सगळं दिलेलं असते.

जयानं हात खाली घेतले नाहीत. तिनं विचारलं, "म्हंजे सावली आमची चालत नाही, आन उजेड चालते?"

भटजींना बाईमाणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय नव्हती. ते सदाशिवरावांकडे पाहून म्हणाले, की होय, तसंच आहे. चालतो.

जयानं हात खाली घेतले. खांबाची गाठ सोडली. पातळाच्या तिनं चार घड्या केल्या, मग आठ, घाई न करता, ओट्यावर वाळलेले कपडे आवरावेत तशा. पिशवीत ठेवून ती म्हणाली, "मंग उजेड तुमचाच वापरा."

विठ्ठलरावांचं तोंड पुन्हा काळवंडलं.

सदाशिवराव धर्मपालपाशी आले. आता आवाजात श्रीयुतही नव्हतं आणि मित्रही नव्हतं. हे काय लावलं आहे, असं त्यांनी विचारलं. सभापतींना उशीर होतो आहे, बायकोला समजाव. धर्मपाल म्हणाला की पातळ तिचं आहे. घरातलं एखादं धोतर द्या, मी दुसऱ्या कोणाला धरायला सांगतो. घरातली सगळी धोतरं पूजेच्या सोवळ्यात होती, आणि धोतर धरून उन्हात उभं राहायला देशमुखांपैकी कोणी पुढे आलं नाही. धोतर धरणारा फोटोत येत नाही, हे तोवर सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं.

धर्मपाल मग काट्यापाशी गेला. गुळापासून हातभर लांब थांबला.

"आबाजी," तो म्हणाला, "तुमचा फोटो हाये. तुमी सांगा. मी तिकडं उभा राहू का इकडं?"

विठ्ठलरावांना ऐकू कमी यायचं, पण हे आलं. त्यांनी ओसरीकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. सबंध आयुष्य ज्याच्या एका शब्दावर गावातली भांडणं मिटत आणि पेटत, तो माणूस साखळीला धरून फळीवर हलत राहिला.

"घरचे म्हनतीन तसं," ते म्हणाले.

धर्मपाल परत आला. त्यानं प्लेट घातली, काळं कापड मागे टाकलं आणि सगळ्यांना हलू नका म्हणून सांगितलं. झाकण काढलं, आणि मनात एक म्हणून लगेच लावलं. जसा उजेड होता तसा फोटो काढला. त्याहून जास्त नाही, कमी नाही.

फोटो चांगला आला. कोणत्याही जाणत्या माणसानं म्हटलं असतं की चांगला आला. सभापतींच्या टोपीची कड दिसत होती, पताका एकेक मोजता येत होती, काट्याच्या साखळीची कडी न कडी होती. मध्ये पागोट्याखाली एक काळा डाग होता. डागाभोवती उन्हाची झालर होती, देवाच्या तसबिरीत असते तशी.

सदाशिवराव दारव्ह्याला स्टुडिओत आले आणि समुद्राच्या पडद्यासमोर उभं राहून ओरडले. तू मुद्दाम केलंस. एवढा मान दिला, त्याची ही परतफेड. तुमच्या लोकांना वर आणायला जावं तर असं. धर्मपाल म्हणाला, "भाऊसाहेब, मी पयलेच सांगतलं होतं," आणि पुन्हा येऊन काढून देतो, असंही म्हणाला. फक्त मी उभा राहीन ती जागा मी ठरवीन. त्यावर सदाशिवराव निघून गेले. घरी जाऊन ते त्याच्याविरुद्ध एक कडक तक्रार लिहायला बसले. पण फोटोग्राफर उन्हाच्या उलट्या बाजूला कसा काय गेला, हे त्यात लिहावं लागत होतं. स्वतः वकील असल्यामुळे पुढचं, म्हणजे अस्पृश्यतेच्या गुन्ह्याचं कलम, त्यांना दिसलं. त्यांनी ती लिहिली नाही. दारव्ह्यात मात्र सांगत सुटले, की त्या स्टुडिओत गेलं तर माणसं काळी येतात. हंगामातली लग्नं त्या वर्षी दुसरीकडे गेली. धर्मपाल बाजाराच्या दिवशी चौकात कॅमेरा लावून बसायला लागला. तिथं येणारी माणसं काळीच होती आणि त्यांना तसंच यायचं होतं.

चैत्रात विठ्ठलराव गेले. दुसरा फोटो निघालाच नव्हता. तेव्हा तोच मोठा करून घेतला आणि अमरावतीच्या एका पेंटरला बोलावून त्या काळ्या डागात चेहरा काढायला सांगितला. पेंटरनं विठ्ठलरावांना कधी पाहिलं नव्हतं. त्यानं सदाशिवरावांना समोर बसवलं, मिशा पांढऱ्या केल्या आणि गालावर सुरकुत्या टाकल्या. तसबीर बैठकीत लागली. वच्छलाबाई तिच्यापुढे रोज दिवा लावायच्या. पहिल्या दिवशी लावताना त्या एकदाच म्हणाल्या, "हा त सदा हाये. हे कुठी गेले?" पुढे त्यांनी विचारलं नाही.

नागोराव उन्हाळ्यात एकदा बहिणीकडे जेवायला आला. तेव्हा जयानं त्याला त्या सकाळचं सगळं सांगितलं; भटजी काय म्हणाले, ते पण. नागोराव भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "कोनता गूळ?"

अडतीतून बोरगव्हाणला आदल्या दिवशी गेलेला माल म्हणजे तोच गूळ. नागोरावनं तो पाठीवरून गाडीत चढवला होता आणि देशमुखांच्या अंगणात पाठीवरूनच उतरवला होता. वाटेत ढेपी हलून फुटू नयेत म्हणून दारव्ह्यापासून तो त्यांच्यावर आडवा झोपून गेला होता.